सात नंबरच्या आजोबांना झालेलं काय

"आलं का गं कानावर? सात नंबरच्या आजोबांना पॅरालिसिस झालेलाच नव्हता!"

मावशींकडची बातमी अशीच येते. आधी निदान, मग लक्षणं, आणि पेशंटचं नाव सगळ्यात शेवटी, तेही घेतलं तर. सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी राउंड काही सुटली नाही, फक्त वॉर्ड बदलला. आता ती सकाळी आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीशी सुरू होते आणि त्यांची भाजी निवडून होईपर्यंत चालते. आज शेवग्याच्या शेंगा होत्या, म्हणजे वेळ बराच होता.

"मग काय झालं होतं?"

"भांग."

हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की समोरच्या घराची खिडकी उघडली.

प्रकार परवाचा, रंगपंचमीचा. नाशकात खरा रंग त्या दिवशी. धुळवडीला आम्ही टिळा लावून गप्प बसतो. जुन्या गावात पेशवेकाळच्या रहाडी उघडतात आणि रंगाच्या पाण्यात धप्पा मारायला तरणी पोरं लोटतात. आम्ही घरचे सगळे तिकडे गेलो होतो. म्हणजे गल्लीत नाट्य घडलं तेव्हा मी नव्हते आणि मावशी होत्या. ही गोष्ट त्या मला या जन्मी विसरू देणार नाहीत.

"सोसायटीच्या हॉलमधला फ्रीज आहे ना, भिशीला आइस्क्रीम ठेवतो तो. त्यात मिठाईचे तीन बॉक्स. तिन्ही पांढरे, तिन्हींना लाल दोरी. दोनांत साधी बर्फी, तिसऱ्यात स्पेशल. कोणी आणली ते मात्र विचारू नकोस."

"कोणी आणली?"

"मागच्या गल्लीतले ते दोघे आणि आपल्या अकरा नंबरचा थोरला. पण मी नाव घेतलेलं नाही हं कोणाचं."

"छे छे."

"बाराची धाकटी, ती गं, केसांना निळा रंग लावलेली, ती तेव्हाच म्हणाली होती, अरे वर पेनाने काहीतरी लिहा तरी. तर म्हणे, कळतं सगळ्यांना. कोणाला कळतं? आजोबांना? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी अकराच्या सुमाराला फ्रीज उघडला. डायबेटिस आहे, सून समोर नाही, असा योग रोज येतो का? हिरवट दिसली तर म्हणे पिस्त्याची असेल. एक खाल्ली. पाऊण तासाने परत गेले आणि दुसरी खाल्ली."

"दुसरी कशाला? पहिलीने काही झालं नाही?"

"हेच! इथेच सगळे फसतात. ओढलेलं मिनिटांत चढतं. खाल्लेलं तासभर, कधी दोन तास हूं की चूं करत नाही. पोटातून यकृतात जातं, तिथे त्याचं रूप बदलतं, आणि ते बदललेलं जास्त जोरकस असतं. माणसाला वाटतं, हॅ, काहीच नाही. म्हणून आणखी एक. मग दोन्ही मिळून एकदम अंगावर येतात आणि सहा-आठ तास उतरायचं नाव घेत नाहीत. म्हाताऱ्या शरीरात त्याहूनही रेंगाळतात. वर त्यांच्या बीपीच्या गोळ्या चालू."

एक वाजता आजोबा खुर्चीतून उठायला गेले तर पाय सापडेनात. जीभ जड, तोंडाला कोरड, छातीत धडधड. सुनेला म्हणाले, ती भिंत पुढे येतेय, तिला सांग तिथेच थांब. सुनेने किंकाळी फोडली. पाच नंबरच्या काकू चिंचेचं पाणी आणि लिंबाचं लोणचं घेऊन धावल्या. त्यांना वाटलं पित्त चढलंय.

"मी ती वाटी हिसकावून घेतली. अर्धवट गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं गं. चिंच नको, ताक नको, तूप तर नकोच. गिळताना श्वासनलिकेत गेलं तर भांग राहिली बाजूला, छाती भरून माणूस जातो. ओकारी काढायला घशात बोटंही घालायची नाहीत. कुशीवर वळवायचं, श्वास बघत बसायचं आणि गाडी बोलवायची. तेवढंच."

"मग तुम्हाला तेव्हाच कळलं नाही, भांग आहे ते?"

मावशींना हा प्रश्न आवडला नाही. शेंगेचा एक दोर जरा जोरात ओढला गेला.

"सत्तरी ओलांडलेला माणूस, साखर आहे, बीपी आहे, बोलणं अडखळतंय, तोल जातोय. माझ्या जागी धन्वंतरी असता तरी आधी मेंदूचाच झटका म्हणाला असता. कळणार होतं ते त्या तिघांना. आणि ते तिघे माझ्या शेजारी उभे होते. म्हणत होते, ऊन लागलं असेल."

यापुढचा भाग मावशींनी दोनदा सांगितला. मीही दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा खरा वाटेना. गाडी काढली ती अकराच्या थोरल्याने. त्याच्याही पोटात दोन वड्या होत्या. सोसायटीच्या फाटकाचा खांब त्याने पुढच्या डाव्या दाराने घासून काढला. तो ओरखडा काल मी पाहिला होता आणि टेम्पोवाल्याला शिव्या दिल्या होत्या. आत मागच्या सीटवर आजोबा, सून आणि तिच्या मांडीवर आजोबांचं डोकं.

"बिचारा मदतीला धावला," मी म्हटलं.

"धावायला कोण नको म्हणतं? रिक्षा होती नाक्यावर. १०८ला फोन होता. मी होते. मला मोपेड येते."

एवढ्यात व्हरांड्यातून काका बोलले. काका जिल्हा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. दोघांचं लग्न म्हणजे दवाखाना आणि कोर्ट समोरासमोर बांधल्यासारखं. पेपर चेहऱ्यासमोर तसाच ठेवून म्हणाले, "मोटार वाहन कायदा, कलम १८५. दारूच नाही, कुठल्याही अमली पदार्थाच्या अमलाखाली, गाडीवर ताबा राहणार नाही अशा अवस्थेत चालवली तरी लागतं. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही."

"ऐकलंस? आणि हेच सकाळी मला सांगत होते, भांगेत काय एवढं, शंकराचा प्रसाद!"

"मी म्हणालो, भांग आपल्याकडे जुनी आहे." पेपर खाली आला. "इंग्रजांनी १८९३ साली त्यावर कमिशन बसवलं होतं. हजारावर साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल काढला, आणि म्हणाले, बेताने घेणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही."

"त्या साहेबांपैकी कोणी विचारलं का, की न सांगता दुसऱ्याच्या पोटात घातली तर?"

काकांनी पेपर पुन्हा वर केला. सात खंड आणि हा प्रश्न नेमका कुठल्या खंडात, हे त्यांनाही आठवलं नसावं.

मला विचाराल तर या बाबतीत मी काकांच्या बाजूची आहे, निदान अर्धी. शिवरात्रीला घोटभर घेऊन हसत बसणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही. आणि पोरांच्या नावाने सध्या सर्वांत मोठ्याने बोटं मोडताहेत ते आमच्या सोसायटीचे दोन सभासद थर्टीफर्स्टला गच्चीवर बसतात आणि नंतर बायकोला 'मी एकदम ओके आहे' म्हणत स्टेअरिंगवर चढतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'माझा जीव, माझं शरीर, तुम्हाला काय करायचंय' हे वाक्य तुमची वडी तुमच्याच तोंडात जाते आहे तोवरच चालतं. सामायिक फ्रीजमध्ये ठेवली, की ती तुमची खाजगी बाब राहत नाही. अकराचा थोरला काल आईशी याच वाक्यावरून भांडत होता म्हणे. त्याच्या शरीराचं कोणी नावही काढलं नव्हतं.

"दवाखान्यात काय झालं मग?"

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! स्कॅन केला, कार्डिओग्राम काढला, रक्त नेलं. स्कॅनमध्ये भांग दिसते का? मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून डॉक्टर घाई करतात, आणि करायलाच हवी. पण नसलेल्या गुठळीवर ते टोचलं आणि कुठे रक्तस्राव झाला असता तर? सुनेला तीन-तीनदा विचारलं, काय खाल्लं, काय घेतलं. ती म्हणाली पुरणपोळी. तिला तेवढंच माहीत. आणि हे तिघे बाहेरच्या बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून."

"कोणी बोललंच नाही?"

"ती निळ्या केसांची बोलली. साडेतीनला सुनेला फोन केला. म्हणाली, काकू, बर्फीत भांग होती, आजोबांनी बहुतेक दोन खाल्ल्या, डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांगा. तपासलं, निघालं. मग काय, भांगेवर उतारा असा नसतोच. सलाइन लावलं, दिवे मंद केले, नाडी-श्वास बघत रात्रभर ठेवलं. काल घरी आले."

दूध घेऊन चाललेल्या जोशीवहिनी इथे थांबल्या. त्या नेहमी 'मला काही ऐकायचं नाही' या चालीने येतात आणि नेमक्या भिंतीशी त्यांची चप्पल सुटते.

"त्या मुलीचंच ना? काय गरज होती हो तिला? बरे होणारच होते आजोबा. झाकली मूठ राहिली असती. आता दवाखान्याने एमएलसी केली म्हणे. पोरांची लग्नं व्हायचीत अजून."

मावशींनी हातातली शेंग ताटात ठेवली. ही खूण मी ओळखते.

"वहिनी, ताकाला जाऊन भांडं लपवून पेशंट मेलेले मी पाहिलेत. एमएलसी म्हणजे बेड्या नव्हेत. विषबाधेचा संशय आला की दवाखान्याला पोलिसांकडे नोंद द्यावीच लागते. तिला घाबरून लोक सांगत नाहीत आणि डॉक्टर अंधारात चाचपडतात. तरी नशीब, नुसती भांगच होती. ती जास्त चढावी म्हणून धोतऱ्याचं बी घालणारे महाभाग असतात. धोतऱ्याचा पेशंट पाहिलाय कधी? बुबुळं हीऽ एवढी, अंग तापलेलं, कोरडं फटफटीत, लघवी तुंबलेली, आणि हवेतले न दिसणारे दोरे ओढत बसतो. चादरीवरून काहीतरी वेचत राहतो, तासन्‌तास. काय घेतलं ते कळलं तर हाताशी औषध असतं. न सांगणाऱ्यांच्या अब्रूपायी ते द्यायला उशीर होतो."

"पण मुलीने मैत्रीचा तरी विचार..."

"तिनेच केला! ते म्हातारं गेलं असतं तर त्या पोरांचं काय झालं असतं?"

काका पेपरआडून: "भारतीय न्याय संहिता, कलम १२३. इजा करायच्या इराद्याने, किंवा इजा होईल हे माहीत असून, कोणाला गुंगीचा पदार्थ दिला तर दहा वर्षांपर्यंत. पूर्वी हेच ३२८ होतं."

"त्यांचा इरादा थोडाच होता!" जोशीवहिनी.

"नव्हता. तो नव्हता हे कोर्टात सांगत बसण्यात उमेदीची वर्षं जातात, मी पाहिलंय. आणि भांग म्हणून सगळं माफ असतं असंही नाही. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजाचा फुलोरा येतो, चरस येतो, नुसत्या पानाची भांग येत नाही, हे खरं. पण आपल्या राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा आहे, त्यात भांगेला परवाना लागतो. बर्फीवाल्याकडे तो होता का, विचारा त्यांना."

वहिनींनी विषय बदलायचा प्रयत्न केला. हल्लीची पोरंच अशी, आमच्या माहेरी नव्हतं हो असलं काही, ते एमडी का काय, आणि ती मालेगावकडची कुत्ता गोळी... मावशी त्याचीच वाट पाहत होत्या.

"कुत्ता गोळी म्हणजे काय, माहितीये? अल्प्राझोलाम. तुम्ही भजनी मंडळात लिमलेटच्या गोळ्यांसारखी वाटता ना, 'झोप नाही लागत? माझ्यातली एक घ्या', तीच जात. नाव तेवढं वेगळं. गेल्या महिन्यात चार नंबरच्या आजींना दिलीत अर्धी. त्यांना दम्याचा त्रास, त्यावर खोकल्याचं औषध चालू. विचारलंत काय काय घेता म्हणून? गुंगीच्या दोन गोष्टी एकत्र आल्या की श्वास मंदावतो. दारूबरोबर घेतली तर बघायलाच नको."

"ती डॉक्टरांनी दिलेली आहे हो!"

"तुम्हाला."

जोशीवहिनींची चप्पल एकदम नीट बसली. दूध तापवायचं राहिलंय म्हणून गेल्या. थोडं कडक झालं हे खरं, पण खोटं एकही अक्षर नव्हतं. चार नंबरच्या आजी त्या रात्री न्हाणीघरात पडल्या होत्या, तेव्हा आम्ही सगळ्यांनी फरशीला दोष दिला होता.

"त्या पुड्यांचं तर बोलायलाच नको," मावशी माझ्याकडे वळल्या. "भांगेचं निदान पान असतं. एमडी म्हणून विकतात त्या पांढऱ्या भुकटीत काय कालवलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०१५ पर्यंत तर ते कायद्याच्या यादीतसुद्धा नव्हतं, हो ना हो?"

"नव्हतं," पेपर म्हणाला.

"मी पोरांना कालच विचारलं. उद्या तुमच्यातलाच एक निळा पडला, घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागला, तर काय कराल? म्हणे, झोपू देऊ. झोपू देऊ! घरघर म्हणजे झोप वाटते यांना. चौघे बसणार असाल तर एकाने कोरडं राहायचं. फोन हातात, गाडीची किल्ली त्याच्याकडे, आणि वेळ आली तर दवाखान्यात तोंड उघडायची तयारी. एवढी अक्कल नसेल तर असल्या फंदात पडू नये. उपदेश म्हणून नाही सांगितलं, ड्युटी लावल्यासारखं सांगितलं. उपदेशाला ती हसतात, ड्युटीला नाही."

"अकराच्या वहिनी म्हणे त्याला व्यसनमुक्तीला पाठवायचं म्हणताहेत?"

"पुण्याला मुक्तांगणला. अवचट पतीपत्नींनी १९८६ साली काढलं, पुलंनी मदत केली. चांगलीच जागा आहे, माझे दोन पेशंट तिथून माणसात आलेत. पण एका सणाला गाढवपणा केला म्हणून कोणी व्यसनी होत नाही. रोज लागतं का, लपवून लागतं का, पैसे उचलतो का, हे आधी विचार म्हटलं. वाटलंच तर १४४४६ला फोन कर, सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. नुसतं 'पाठवते तुला पुण्याला' म्हणून धमकावलं, तर पुढच्या वेळी तो खरंच अडचणीत असेल तेव्हाही सांगणार नाही."

"आणि आजोबा काय म्हणतात?"

मावशी पहिल्यांदा हसल्या. "आजोबांचा राग वेगळाच आहे. म्हणाले, तरुणपणी काशीला घेतली होती मी, मला विचारलं असतं तर अर्धी वडी खाऊन गच्चीत खुर्ची टाकून बसलो असतो मजेत. न सांगता दिली, म्हणून मी मरतोय असं समजून त्या गाडीत दोन तपांचे हिशोब सुनेला सांगून टाकले. सोसायटीतल्या कोणाला किती उसने दिले ते पण. आता सून रोज वही घेऊन बसते."

"आमचं नाव आहे का वहीत?"

"तुझ्या सासऱ्यांचं आहे."

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. बिलाचं विचारलं. तिघांच्या घरांनी वाटून घ्यावं असं सेक्रेटरींनी सुचवलंय, पण मागच्या गल्लीतला एक बाप म्हणतो, माझ्या मुलाने हाताने भरवली नाही, म्हाताऱ्याने आपणहून खाल्ली. मावशींचं म्हणणं, बापांनी एक रुपया देऊ नये. पोरांच्या पगारातून हप्त्याने कापावा आणि दर महिन्याला तिघांनी स्वतः आजोबांच्या हातात नेऊन द्यावा. खांबाच्या रंगाचे पैसे वेगळे.

"अकराच्या घराचं दार दोन दिवस उघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दूधवाला पिशवी कडीला लावून जातो. ती बाई काय तोंड दाखवू म्हणून बसलीय आत. आमटी झाली की डबा घेऊन जाणार आहे मी. तूही चल. तिला धीर होईल, आणि थोरल्याला मला एक विचारायचंय."

"आता आणखी काय?"

"तिसऱ्या बॉक्सात बारा वड्या होत्या, बाराच्या धाकटीने मोजल्या होत्या. तिघांनी दोन-दोन, सहा. आजोबांच्या दोन. एक कचऱ्यात पडली ती नाक्यावरच्या काळ्याने खाल्ली. दुपारभर चारी पाय फाकवून झुलत होता बिचारा, उभ्या उभ्या मुतत. आपल्याला वाटलं रंग डोळ्यांत गेला. त्या झाल्या नऊ. तीन कुठे आहेत?"

"फेकल्या असतील."

"असतील. तो म्हणतो, आठवत नाही. नऊ नंबरची छकुली दोन वर्षांची आहे, परवा दिवसभर त्या हॉलमध्ये दुडुदुडु फिरत होती, आणि आजही अकरा वाजता तिथे तिच्या बालवाडीच्या बायका जमणार आहेत. एवढ्याशा पोराच्या पोटात एक वडी गेली तर आजोबांसारखी गंमत नाही होत गं. उठवता उठत नाही, श्वासच मंदावतो."

घड्याळात साडेदहा झाले होते.

"आमटी राहू द्या मावशी," मी नळ बंद केला. "हॉलची किल्ली या महिन्यात आमच्याकडेच आहे."

"मग उभी काय राहिलीस? आण. आणि येताना पेन आण."